मेमार सिनान : आधी हिशेब, मग इमारत

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. पालक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी ज्यांनी चार खोल्यांचे घर बांधले असेल, त्यांना या म्हणीचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पाया खणेपर्यंत सारे सुरळीत असते. मग रेती वेळेवर येत नाही, गवंडी दुसऱ्या कामावर निघून जातो, सुतार चौकटी लांबवतो, पावसाळा तोंडावर येतो आणि ठरवलेल्या रकमेच्या दीडपट खर्च होऊनही छप्पर अर्धेच राहते. चार खोल्यांची ही गत, तर हजारो माणसे वर्षानुवर्षे राबतात अशा प्रचंड बांधकामाची गत काय होत असेल, याची आपणच कल्पना करावी.

यंत्रयुगातही हे अंदाज किती चुकतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या ऑपेरा हाउसचे काम १९५९ साली सुरू झाले. ते १९६३ साली पुरे होईल आणि सुमारे ७० लाख डॉलर खर्च येईल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात इमारत १९७३ साली खुली झाली आणि खर्च १० कोटी २० लाख डॉलरवर गेला. याच्या अनेक कारणांपैकी एक मोठे कारण अगदी साधे आहे. छपराचे गणित सुटण्यापूर्वीच पायाचे काम हाती घेतले गेले. पुढे छप्पर अधिक वजनदार ठरले आणि खालचे खांब पुन्हा मजबूत बांधावे लागले.

मग प्रश्न असा पडतो की, ज्या काळी यंत्रावर चालणारी क्रेन नव्हती, सिमेंट नव्हते, टेलिफोन नव्हता, त्या काळी एकाहून एक प्रचंड कामे वेळेत आणि हिशेबात पुरी करणारा माणूस कोणत्या गुणांचा असेल? असा एक माणूस चारशे वर्षांपूर्वी उस्मानी तुर्कस्तानात होऊन गेला. त्याचे नाव सिनान. जग त्याला मेमार सिनान म्हणून ओळखते. मेमार म्हणजे इमारत रचणारा. हा शब्द आपल्या उर्दू जाणणाऱ्या घरांना परका नाही. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने या थोर उस्तादाचे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचा मी प्रयत्न करीत आहे.

सिनानचा जन्म सन १४९० च्या सुमारास तुर्कस्तानातील कायसेरी शहराजवळच्या आगिरनास नावाच्या खेड्यात झाला. त्याचे घराणे ख्रिस्ती होते. त्या काळी उस्मानी सरकार ख्रिस्ती कुटुंबांतील निवडक मुले उचलून आणी, त्यांना मुसलमान करी आणि सरकारी चाकरीचे शिक्षण देई. या पद्धतीला देवशिर्मे म्हणत. आईबापांपासून मूल तोडणारी ही पद्धत कठोर होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. सुलतान पहिला सलीम याच्या कारकिर्दीत ऐन तारुण्यातल्या सिनानवर हा प्रसंग आला. त्याला इस्तंबूलला आणण्यात आले आणि तेथे त्याच्या हाती जे हत्यार पडले ते तलवारीचे नव्हे, तर सुताराचे होते.

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे जो साम्राज्याचा मुख्य मेमार झाला, त्याची पहिली विद्या सुतारकीची होती. लाकूड कोठे वाकते, कोठे तडकते, सांधा कसा धरतो, हे तो हातांनी शिकला. त्यानंतर जॅनिसरी फौजेतून तो मोहिमेवर गेला. १५२१ ची बेलग्रेडची मोहीम, १५२२ ची रोड्स बेटाची, १५२६ ची मोहाचची आणि त्यानंतरची बगदादची, अशा कित्येक मोहिमांत तो होता. युरोप, इराण आणि अरब मुलुखातील किल्ले, पूल, जुने भग्न राजवाडे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले. कोणती भिंत उभी राहिली आणि कोणती पडली, याचे शिक्षण त्याला या प्रवासांत मिळाले.

फौजेतील काम म्हणजे घाईचे काम. शत्रू समोर असताना पूल उद्या बांधू असे म्हणून चालत नाही. इराणच्या मोहिमेत वान सरोवर ओलांडण्यासाठी सिनानने गलबते बांधून दिली. १५३८ साली मोल्डाव्हियाच्या स्वारीत प्रुत नदीने फौजेची वाट अडवली. तेथील जमीन दलदलीची होती आणि इतरांचे प्रयत्न चिखलात रुतले होते. सिनानने दोन आठवड्यांच्या आत पूल उभा केला आणि फौज पार झाली. लाकूड किती लागेल, माणसे किती, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा हिशेब मनात पक्का असल्याखेरीज असे काम होत नाही. त्याच सुमारास मुख्य मेमाराची जागा रिकामी झाली आणि सुलतान सुलेमानने ती सिनानला दिली.

तेव्हा त्याचे वय पन्नाशीच्या जवळ होते. आपल्याकडे या वयात माणसे निवृत्तीच्या गोष्टी काढू लागतात. सिनानची खरी कारकीर्द येथून सुरू झाली आणि ती मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे चालली. सुलेमान, दुसरा सलीम आणि तिसरा मुराद अशा तीन सुलतानांची त्याने सेवा केली. त्याच्या नावावर ज्या कामांच्या याद्या आहेत, त्यांत चारशेहून अधिक बांधकामे येतात. ऐंशीहून अधिक मोठ्या मशिदी, पन्नासहून अधिक मदरसे, शिवाय पूल, हमामखाने, सराया, इस्पितळे आणि पाणीपुरवठ्याची कामे त्यांत आहेत.

एकटा माणूस एवढे कसे करू शकेल, अशी शंका आपल्या मनात आली असेल. ती योग्यच आहे. एकट्याने ते केले नाही, हेच त्याचे उत्तर आहे. सिनानच्या हाताखाली सरकारी मेमारांचे एक खाते होते. तेथे आराखडे निघत, खर्चाचे अंदाज बांधले जात आणि तरुण मेमार तयार होत. चौकटी आखलेल्या कागदावर इमारतीचा पाया काढण्याची पद्धत तेथे होती. एक चौकट म्हणजे अमुक इतके माप, असे ठरले की दूरच्या शहरातला मिस्त्रीही तो कागद वाचून काम करू शके. दमास्कस येथील सुलेमानच्या नावाची तक्किया सिनानच्या आराखड्यावरून बांधली गेली, पण काम तेथे नेमलेल्या माणसांनी केले.

दुसरी व्यवस्था पैशाची होती. मोठ्या कामावर मेमाराबरोबर एक स्वतंत्र अधिकारी नेमला जाई. त्याला बांधकामाचा अमीन म्हणत. पैसा त्याच्या ताब्यात, हिशेबनीस त्याच्या हाताखाली. इमारत कशी उभी राहील हे मेमाराने पाहायचे आणि पैसा कोठे गेला हे अमिनाने लिहून ठेवायचे. एकाच माणसाच्या हाती दोन्ही किल्ल्या नव्हत्या. सार्वजनिक कामात भांडणे बहुतेक वेळा पैशावरून होतात, हे आपण सारे जाणतो. तेव्हा या व्यवस्थेचे मोल वेगळे सांगायला नको.

सिनानचे पहिले फार मोठे काम म्हणजे इस्तंबूलची शहजादा मशीद. सुलतान सुलेमानचा तरुण पुत्र मेहमद १५४३ साली वारला. त्याच्या स्मरणार्थ ही मशीद बांधण्यात आली आणि १५४८ मध्ये पुरी झाली. तिच्या मधल्या घुमटाचा व्यास सुमारे १९ मीटर आहे. त्याच्या चारी बाजूंना चार अर्धघुमट टेकू दिल्यासारखे उभे आहेत. पुढे या मशिदीला सिनानचे शागिर्दीतले काम म्हणण्याची रीत पडली. आरंभीच्या कामात त्याने चारी बाजूंनी भक्कम आधार ठेवला आणि मगच पुढचे पाऊल टाकले.

ते पुढचे पाऊल म्हणजे सुलेमानिया. १५५० साली तिचे काम सुरू झाले. जागा इस्तंबूलच्या एका टेकडीवर, गोल्डन हॉर्नच्या खाडीकडे उतरत जाणारी. येथे नुसती मशीद उभारायची नव्हती. चार मोठे मदरसे, हदीसचे विद्यालय, वैद्यकाचे विद्यालय, लहान मुलांची शाळा, इस्पितळ, गोरगरिबांना जेवण देणारा लंगरखाना, प्रवाशांसाठी सराई आणि हमामखाना, असा एक संपूर्ण मोहल्ला वसवायचा होता. उताराची जागा अडचणीची. सिनानने टेकडीच्या कलाशी झुंज घेतली नाही. कोठे भक्कम कमानी बांधून जमीन सपाट केली, तर उत्तरेकडील मदरशांच्या खोल्या जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उतरत्या ठेवल्या. जागा आधी नीट समजून घ्यावी आणि मग आराखडा करावा, हा धडा येथे मिळतो.

या कामासाठी माल कोठून आला ते पाहा. संगमरवर मार्मारा बेटावरून आला. लोखंड आज बल्गेरियात असलेल्या सामोकोव्हच्या खाणींतून, तर विटा गलिपोलीसारख्या ठिकाणांहून आल्या. मशिदीत चार भले मोठे खांब आहेत. सिनानच्या आठवणींनुसार त्यांतला एक अलेक्झांड्रियाहून आणि एक लेबनॉनमधील बालबेकहून समुद्रमार्गे आणला, तर दोन इस्तंबूलमधूनच मिळाले. त्या त्या भागातील काझींना दरबारातून हुकूम जात. एवढा माल अमुक भावाने, अमुक मार्गाने पाठवावा. दगड, लोखंड, शिसे, लाकूड यांपैकी एक वस्तू उशिरा आली तरी शेकडो माणसे बसून राहणार. म्हणून माल मागवण्याचे काम बांधण्याच्या कामाइतकेच महत्त्वाचे मानले गेले.

सुलेमानियाच्या बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या सुदैवाने टिकल्या आहेत. ओमर लुत्फी बारकान या तुर्की इतिहासकाराने त्यांचा अभ्यास करून १९७२ आणि १९७९ साली दोन खंड प्रसिद्ध केले. त्या वह्यांत आठवड्या-आठवड्याचा हिशेब आहे. कोण कामावर आला, कोणत्या हुन्नराचा होता, किती दिवस राबला, काय मजुरी मिळाली, हे त्यात नोंदलेले आहे. साऱ्या कामाला सुमारे २७ लाख मजुरी-दिवस लागले. त्यातले निम्म्याहून अधिक काम रोजंदारीवरच्या स्वतंत्र कामकऱ्यांनी केले, सुमारे चाळीस टक्के फौजेतल्या शिकाऊ जवानांनी आणि सुमारे पाच टक्के गलबतांवरच्या कैद्यांनी. साडेतीन हजारांहून अधिक कारागिरांची नोंद आहे आणि त्यांत जवळजवळ निम्मे ख्रिस्ती होते. मशीद मुसलमानांची, पण ती उभारणारे हात साऱ्या धर्मांचे होते. हुन्नर असेल त्याला काम, असा तो व्यवहार होता.

या कामाविषयी अनेक दंतकथा आहेत. पाया भरल्यावर तो बसावा म्हणून सिनानने काम बराच काळ थांबवले. पैसे संपले असे समजून इराणच्या शाहने टोमणा म्हणून जवाहीर पाठवले आणि ते सुलतानाने मिनाराच्या दगडांत बसवून टाकले, अशी एक कथा आहे. जवाहिरांची खात्री कोणी देऊ शकणार नाही. दुसरी कथा अशी की, मशिदीत आवाज कसा घुमतो ते पाहण्यासाठी सिनान हुक्का गुडगुडवीत बसला होता. ही तर निश्चित बनावट आहे, कारण तंबाखू तुर्कस्तानात त्याच्या मृत्यूनंतर आला. पण आवाजाची काळजी त्याने खरोखरच घेतली होती. घुमटाच्या बांधणीत मातीचे पोकळ घडे बसवलेले आढळले आहेत.

एक प्रसंग मात्र सिनानने स्वतः आपल्या उतारवयात कवी साई मुस्तफा चेलेबी या मित्राला सांगितला आणि त्याने तो लिहून ठेवला. काम रेंगाळले आहे, घुमट टिकणार नाही, मेमार भलत्याच गोष्टींत वेळ घालवतो, अशा चहाड्या सुलतानाच्या कानी गेल्या. सुलतान रागाने कामावर आला. सिनान त्या वेळी संगमरवराच्या कारागिरांपाशी उभा होता. काम केव्हा पुरे होणार, असे सुलतानाने दरडावून विचारले. सिनानने दोन महिन्यांची मुदत सांगितली. ऐकणाऱ्यांना वाटले, भीतीने याचे डोके फिरले. सुलतानाने माणसे पाठवून पुन्हा विचारले, तेव्हाही उत्तर तेच. मग त्याने जेथून मिळतील तेथून कारागीर एकवटले, रात्रीचा दिवस केला आणि दिलेल्या मुदतीत मशीद पुरी करून किल्ली सुलतानाच्या हाती ठेवली. सुलतानाने ती परत सिनानच्याच हाती दिली आणि दार उघडण्याचा मान त्याला दिला. ते साल १५५७ होते. घुमटाचा व्यास आता सुमारे साडेसव्वीस मीटरवर गेला होता.

वाचकहो, या प्रसंगात हिंमत दिसते, पण मला त्यात हिशेब अधिक दिसतो. संतापलेल्या बादशहासमोर दोन महिने म्हणून सांगणे ही नुसती बढाई असती तर ती जिवावर बेतली असती. कोणते काम झाले आहे, कोणते उरले आहे आणि त्याला किती हात लागतील, हे ज्याला ठाऊक असते तोच अशी मुदत देऊ शकतो. बाहेरून पाहणाऱ्याला रेंगाळलेले दिसणारे काम आतून तयार होत आले होते.

पण सिनानचे सारेच आयुष्य यशाने भरलेले होते, असे समजू नका. इस्तंबूलची लोकसंख्या वाढत होती आणि पाणी अपुरे पडत होते. सुलेमानने शहराच्या उत्तरेकडील जंगलांतून पाणी आणण्याचे काम सिनानवर सोपवले. सिनानने आधी झऱ्यांचे पाणी अडवून किती पाणी मिळेल ते मोजले, चढउताराचे माप घेतले आणि दऱ्यांवरून कमानींचे उंच पूल बांधून त्यांवरून पाटाचे पाणी आणण्यास सुरुवात केली. काम पुरे होण्याच्या बेतात असताना २० सप्टेंबर १५६३ रोजी भयंकर अतिवृष्टी झाली. ओढ्यांना लोंढे आले आणि पाण्याचे पूल कोसळले. माग्लोवा येथील भला मोठा पूल नष्ट झाला. वर्षानुवर्षांचे काम काही तासांत वाहून गेले.

सिनान तेव्हा सत्तरीच्या पुढे होता. दोष नशिबावर टाकून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने तसे केले नाही. माग्लोवाचा पूल त्याने नव्याने उभारला, पण जुन्याची नक्कल केली नाही. नव्या पुलाचे खांब खाली रुंद आणि वर निमुळते ठेवले, त्यामुळे पाण्याचा लोंढा आणि भूकंपाचा हादरा दोन्ही सहन होतील. सुमारे २५८ मीटर लांब आणि ३६ मीटर उंच असा हा पूल १५६४ मध्ये पुरा झाला. आज त्याचा खालचा भाग अलीबे धरणाच्या पाण्यात आहे, आणि तरीही तो उभा आहे.

त्याच पुराने इस्तंबूलहून युरोपकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचा ब्युयुकचेकमेजे येथील जुना पूलही मोडला होता. तेथे समुद्राला लागून सरोवर आहे, पाणी रुंद आणि तळ चिखलाचा. सिनानने एक प्रचंड लांब पूल बांधण्याऐवजी पाण्यात भराव घालून बेटे केली आणि एका पुलाचे चार पूल केले. पाया घालण्याच्या जागेभोवती गलबताच्या सांगाड्यासारखे लाकडी कुंपण उभारले, आतले पाणी पंपांनी आणि पखालींनी उपसले, तळात लाकडी खुंट ठोकले आणि त्यावर दगडांचे खांब उभे केले. दगड लोखंडी पकडींनी जोडून त्यांच्या सांध्यांत वितळलेले शिसे ओतले. २८ कमानींचा, सुमारे ६३५ मीटर लांबीचा हा पूल पुरा होईपर्यंत सुलेमान हंगेरीच्या मोहिमेत १५६६ साली वारला होता. या पुलाच्या दगडावर सिनानने आपले नाव कोरले आहे. मोठे काम अवघड वाटले तर त्याचे चार तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकडा पक्का करावा, हे या पुलाइतके स्पष्ट मला दुसरीकडे कोठे दिसत नाही.

यानंतर सिनानने आपल्या आयुष्यातील सर्वश्रेष्ठ काम हाती घेतले. एदिर्ने शहरातील सलीमिया मशीद १५६८ मध्ये सुरू झाली. तेव्हा त्याचे वय ऐंशीच्या घरात होते. आठ खांबांवर तोललेला सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना सुमारे ७१ मीटर उंचीचे सडपातळ मिनार, असे तिचे रूप आहे. काम चालू असतानाच, १५७३ च्या सुमारास, इस्तंबूलमधील आया सोफिया या हजार वर्षांच्या इमारतीची डागडुजीही त्याच्याकडे आली. तिच्या भिंतींना बिलगून बांधलेली घरे हटवून त्याने तिला आधाराच्या भिंती दिल्या. एका हाताने नवे उभारावे आणि दुसऱ्या हाताने जुने सांभाळावे, असा हा उस्ताद होता. सलीमिया १५७५ मध्ये नमाजासाठी खुली झाली. ज्याच्या नावाने ती बांधली तो सुलतान सलीम काही महिन्यांपूर्वीच वारला होता. २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या मशिदीची नोंद केली.

१९, साडेसव्वीस आणि ३१. विद्यार्थिमित्रांनो, तीन घुमटांचे हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. पहिल्या घुमटापासून तिसऱ्यापर्यंत सत्तावीस वर्षे गेली. सिनानने एकदम आकाशाला हात घातला नाही. लहान घुमटावर जे शिकला ते मोठ्यावर वापरले आणि मधल्या काळात कित्येक लहान मशिदींत निरनिराळे प्रयोग केले. सारेच प्रयोग सारखे साधले नाहीत. एदिर्नेकापी येथील मिहरिमाह मशिदीला १८९४ आणि १९९९ च्या भूकंपांत मोठी इजा पोहोचली. सुलेमानियालाही १६६० च्या आगीने आणि १७६६ च्या भूकंपाने इजा केली, पण डागडुजी होऊन ती आजही इस्तंबूलच्या टेकडीवर उभी आहे.

सिनान १५८८ साली वारला. तेव्हा तो शंभरीला टेकला होता. त्याच्यानंतर काम थांबले नाही, कारण त्याने माणसे तयार करून ठेवली होती. त्याच्या मागे दाऊद आगा मुख्य मेमार झाला. त्याच्याच शागिर्दांपैकी सदफकार मेहमद आगाने पुढे १६०९ ते १६१६ या काळात इस्तंबूलची प्रसिद्ध निळी मशीद बांधली. बादशहांसाठी एवढे घुमट उभारणाऱ्या सिनानची स्वतःची कबर मात्र सुलेमानियाच्या भिंतीबाहेर एका कोपऱ्यात, लहानशा जागेत आहे. तिच्या टोकाला जाणाऱ्यायेणाऱ्यांसाठी पाण्याची सबील आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी सर्वच मुले इंजिनियर होणार नाहीत. पण प्रत्येकाला आयुष्यात काहीतरी उभारायचे असते. कोणाला घर, कोणाला दुकान, कोणाला संसार. आपल्याकडे कोनशिला बसवण्याचा समारंभ थाटात होतो, भाषणे होतात, हारतुरे होतात आणि मग कित्येकदा ती कोनशिला गवतात उभी राहते. याचे कारण पैशाची टंचाई एवढेच नसते. आधी मोजलेले नसते, काम कोणी कोणते करायचे ते ठरलेले नसते आणि हिशेबाची वही कोणी ठेवलेली नसते.

शाळेत मी रोज हेच पाहतो. परीक्षेला महिना उरला की मुले मोठमोठी वेळापत्रके तयार करतात, रोज सोळा तास अभ्यास ठरवतात आणि चौथ्या दिवशी ते वेळापत्रक भिंतीवरच राहते. सिनान असता तर त्याने आधी उरलेले धडे मोजले असते, मग उरलेले दिवस मोजले असते, आणि सर्वांत कठीण विषयाचा पाया प्रथम भरला असता. पालकांनाही माझी एक विनंती आहे. पहिल्या चाचणीत मूल मागे पडले म्हणून त्याला नापास ठरवू नका. कोसळलेला पूल अधिक भक्कम करून बांधता येतो. मात्र तो का कोसळला हे मुलाजवळ बसून त्याच्याबरोबर शोधावे लागते. आणि मुलगा सुतारकी, गवंडीकाम किंवा कसलाही हुन्नर शिकू इच्छीत असेल, तर त्यात कमीपणा मानू नका. जगातील एका श्रेष्ठ मेमाराचे पहिले हत्यार सुताराचेच होते.

पुढच्या वेळी एखादी अपुरी इमारत पाहाल, तेव्हा तिचा पाया कोणी मोजला होता, एवढे मनाशी विचारा. आणि आपले स्वतःचे काम सुरू करण्यापूर्वी एक कोरी वही विकत घ्या. सुलेमानियाचा घुमट दगडाचा आणि विटांचा खरा, पण त्याच्या तळाशी आठवड्या-आठवड्याने भरलेल्या वह्याही आहेत.